उपास, उपासमार आणि मुक्ती

(द्वितीय वर्ष, कला)

केडगाव स्टेशनवर उतरून मुक्ती मिशन कुठे, असे कुणालाही विचारावे. रिक्षावाल्यापासून चहावाल्यापर्यंत सर्वांना ते ठाऊक असते. आमचे गाव तिथून जवळच. बाजाराला जाता-येता मी लहानपणापासून ती झाडी पाहत आले. पण ते कुणी उभारले, कशासाठी उभारले, हा प्रश्न मला कधी पडला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी माझी गत. शेवटी कॉलेजात आल्यावर मराठीच्या तासाला मॅडमनी पंडिता रमाबाईंचे नाव घेतले, तेव्हा मी ग्रंथालयातून त्यांच्यावरचे पुस्तक घरी नेले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मी रात्री काय वाचते याचे घरात सर्वांना कुतूहल असते, आणि आजीला तर फारच.

माझी आजी १९७२ च्या दुष्काळात विशीतली होती. तिने दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. आई एकादशी धरते, चतुर्थी धरते. आजी मात्र एकही उपास करीत नाही. तिचे म्हणणे असे, की ज्याने उपाशी दिवस काढले त्याने भाकरी असताना मुद्दाम उपाशी राहणे म्हणजे भाकरीचा अपमान आहे. तिला मी सांगितले, की केडगावच्या मुक्तीमध्ये १९०५ साली दुष्काळातून वाचलेल्या मुलींनी प्रार्थनेच्या भरात आपणहून अन्न सोडले होते. तिला ते खरे वाटले नाही. भुकेने मरता मरता वाचलेल्या पोरी पुन्हा उपाशी कशाला राहतील, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी मी रमाबाईंचे चरित्र दुसऱ्यांदा वाचले. जे समजले ते येथे मांडते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पेशवाईतल्या एका राणीला संस्कृत शिकवले जात असलेले त्यांनी तरुणपणी पाहिले होते आणि आपल्याही घरातल्या बाईला शिकवायचे असे मनाशी धरले होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. लोकांचा रोष झाला, तेव्हा रानात जाऊन आश्रम थाटला. पुढे तोही मोडला आणि सारे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात, नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर गुजराण करायची, असा त्यांचा क्रम. लहानग्या रमाबाईंना आईनेच संस्कृत शिकवले. हजारो श्लोक त्यांना तोंडपाठ होते.

या कुटुंबाने उपास किती केले असतील याची गणती नाही. व्रते, प्रदक्षिणा, नवस, दानधर्म यांत जवळचा पैसा संपला. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. भांडीकुंडी, दागिने सारे विकून झाले. भीक मागायची लाज आणि मजुरी करायची सवय नाही, अशी कोंडी झाली. जंगलात अकरा दिवस त्यांनी झाडपाला आणि रानफळे खाऊन काढले. म्हाताऱ्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि आपण पडेल ते काम करू, पण मरायचे नाही, असे त्याने सांगितले. वडील १८७४ मध्ये त्या हालातच गेले. थोड्या दिवसांनी आई अंथरुणाला खिळली. आईसाठी भाकरीचा तुकडा मागायला रमाबाई शेजारच्या बाईच्या दारात गेल्या आणि लाजेने त्यांच्या तोंडून शब्दच फुटेना. त्या बाईने ओळखून भाकरी दिली. पण ती खाण्याची ताकद आईत उरली नव्हती. प्रेत उचलायला पुरेशी माणसे मिळेनात, म्हणून रमाबाईंनी स्वतः खांदेकरी व्हायचे ठरवले. त्यांची उंची कमी, त्यामुळे तिरडीचे टोक त्यांनी डोक्यावर घेतले. पुढे थोरली बहीणही गेली.

हा भाग मी आजीला वाचून दाखवला. आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने उठून चुलीपाशी गेली.

राहिले बहीण-भाऊ दोघे. दोघांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जायची वेळ आली, तेव्हा वाळूत खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून ती दोघे रात्र काढीत. १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी वेदाची पोथी हातात दिली. स्त्रीने वेद वाचू नये असे आजवर शिकलेल्या रमाबाईंनी तो वाचला. धर्मशास्त्रेही वाचली. इतर बाबतींत शास्त्रकारांचे मतभेद कितीही असोत, स्त्रीला स्वतःच्या बळावर मोक्ष नाही याविषयी मात्र सर्वांचे एकमत आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्या वाचनातून काढला. मुक्ती हा शब्द त्यांच्या मनात येथे रुतला असावा असे मला वाटते.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर नोंदणी विवाह केला आणि त्या आसामात सिल्चरला गेल्या. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती गेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, पदरात लहान मूल घेऊन, त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे स्त्रियांच्या शिक्षणाविषयी साक्ष दिली. सिल्चरच्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची एक प्रत त्यांना सापडली होती. पुण्यात नीळकंठशास्त्री गोरे यांच्याशी त्यांची धर्मचर्चा झाली. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात एकच गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये सत्सार काढून त्यांची बाजू मांडली. इकडे बाप्तिस्मा घेतला म्हणून रमाबाईंनी मान तुकवली असेही झाले नाही. तिकडच्या धर्मगुरूंशी आणि मठवासिनींशी त्या वाद घालीत राहिल्या. लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस घालायला त्या राजी नव्हत्या. संस्कृतच्या जागी आणखी एक न कळणारी भाषा का स्वीकारायची, हा त्यांचा सवाल होता. त्यांचे म्हणणे, की शास्त्र वाचायचे तर स्वतः वाचायचे आणि समजून घ्यायचे. हा धागा पुढे फार लांब जातो.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि बॉस्टन येथे मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. त्याने दहा वर्षे पैसा पुरवण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. तेथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन पुण्यास आले. तेथे धर्मशिक्षण द्यायचे नाही असा करार होता. पण रमाबाई स्वतः प्रार्थना करीत तेव्हा दार बंद करीत नसत, आणि मुली येऊन बसत. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक मुलींना पालकांनी घरी नेले.

या सर्व काळात रमाबाई ख्रिस्ती म्हणून प्रसिद्ध होत्या. पण त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपले नाव बदलले, मन बदलले नाही, हे एवढ्या मोठ्या बाईने उघड सांगितले. पुढे मुक्तीत जे घडले त्याची किल्ली या कबुलीत आहे असे मी समजते.

बॉस्टनचा दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपणार होता. पुढे काय, ही काळजी होती. म्हणून केडगावला जमीन घेऊन त्यांनी फळझाडे लावली. १८९६ मध्ये लोणावळ्याच्या एका धर्ममेळ्याला त्या गेल्या तेव्हा त्यांच्यासोबत ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुली होत्या. तेथे त्यांनी देवाकडे या पंधराचा वर्ग, म्हणजे २२५ मुली मागितल्या. एवढ्या मुलींना ठेवायला जागा नव्हती की खायला घालायला पैसा नव्हता. त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. दुष्काळ हा शब्द रमाबाईंना पुस्तकातून शिकायचा नव्हता. त्या उठल्या, गावोगाव, दुष्काळी छावण्यांत फिरल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणू लागल्या. अशा तीनशेच्या आसपास मुली आल्या. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या माळावर आधी तंबूंत आणि झोपड्यांत ठेवावे लागले. येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास गुजरात-राजस्थानच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

या मुलींना आधी पोटभर अन्न मिळाले. मग अक्षर, मग हाताला काम. विणकाम, तेलाची घाणी, दुभती जनावरे, शेती, छापखाना, सारे मुलीच पाहत. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे वर्ग निघाले. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. विहिरी खणल्या. १८९९ मध्ये मोठ्या प्रार्थनामंदिराचा पाया घातला. रमाबाई स्वतः पांढरी साडी नेसत आणि शाकाहारी राहत. भीमा नदीवर गाड्या जुंपून जाऊन मुलींचे बाप्तिस्मे झाले. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, की मंडळी भरभराटीला आली.

रमाबाईंना तसे वाटत नव्हते. घरात दोन हजार माणसे, रोजच्या शिध्याची विवंचना, भांडणे, चोऱ्या, पळून जाणे. भुकेपोटी आलेल्या आणि नावाने ख्रिस्ती झालेल्या या मुलींची स्थिती आपल्या त्या आठ वर्षांसारखीच आहे, असे त्यांनी ओळखले. १९०४ मध्ये वेल्समध्ये आणि १९०५ मध्ये आसामच्या खासी टेकड्यांत ख्रिस्ती मंडळ्यांत मोठी जागृती झाल्याच्या बातम्या आल्या. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी मुलींना विचारले, की रोज जमून प्रार्थना करायला कोण येईल? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत दिवसातून दोनदा जमणाऱ्यांची संख्या साडेपाचशेवर गेली.

पुढचे वर्णन मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या अमेरिकन बाईंनी लिहून ठेवले आहे. २९ जूनच्या रात्री मुलींच्या खोलीत एक थोरली मुलगी प्रार्थना करीत उठली. तिच्याभोवती आग आहे असे दुसरीला दिसले आणि ती पाण्याची बादली आणायला धावली. ३० जूनला रमाबाई योहानाच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय समजावून सांगत असता साऱ्या मुली एकदम मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या. प्रवचन थांबले. त्यानंतर कित्येक दिवस वर्ग आणि कामे मागे पडली. मुली आपले अपराध मोठ्याने कबूल करून रडत. तहानभूक, झोप विसरून त्या प्रार्थनेला बसत. आरडाओरडा फार होतो म्हणून काही मिशनरींनीही नाके मुरडली. रमाबाईंनी मात्र मुलींना गप्प केले नाही. आमच्या लोकांना आपल्या रीतीने रडू द्या, हसू द्या, अशी त्यांची भूमिका होती. ओसरल्यावर त्यातल्याच मुलींच्या टोळ्या गावोगाव निघाल्या. अब्राम्सबाईंनी लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीपर्यंत गेली आणि तेथल्या मंडळ्यांतही तिने खळबळ उडवली. केडगावच्या माळावरची गोष्ट कुठवर पोचली पाहा!

आता एक शंका मी लपवू इच्छित नाही, कारण ती तासाला आमच्या वर्गातल्या एका मुलाने विचारली होती. भुकेलेल्या मुलीला भाकरी दिली आणि सोबत धर्म दिला, तर तिने तो मनापासून घेतला असे कसे म्हणावे? शंका खरी आहे. मी स्वतः ख्रिस्ती नाही, आणि आठ-दहा वर्षांच्या पोरक्या मुलीला निवड करता येते असे मीही म्हणणार नाही. रमाबाईंच्या हयातीत लोकांनी त्यांना हेच विचारले. पण माझ्या ध्यानात एक गोष्ट येते. ही शंका सर्वांत आधी रमाबाईंनाच आली होती. भाकरीसाठी घेतलेला धर्म खरा नव्हे असे वाटल्यावाचून त्या नव्याने प्रार्थनेला बसल्या नसत्या. संख्या पाहून त्या समाधानी राहिल्या नाहीत. आणि पुढे त्यांनी जे काम हाती घेतले ते त्या शंकेचेच उत्तर आहे.

ते काम म्हणजे बायबलचे मराठी भाषांतर. प्रचलित भाषांतरातली मराठी संस्कृतप्रचुर होती, ती खेड्यातल्या बाईला समजत नाही, असे त्यांचे मत. म्हणून पन्नाशीकडे झुकलेल्या, कानांनी कमी ऐकू येणाऱ्या या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मूळ ग्रंथावरून त्या सोप्या मराठीत ओळ ओळ उतरवू लागल्या. हिब्रू आणि ग्रीक टाइप मागवले आणि मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवायला त्याच मुली बसल्या, ज्या कधीकाळी दुष्काळी छावणीत पडून होत्या. जिला तिच्या आईबापांनी अक्षर दाखवले नव्हते तिने हिब्रूचे खिळे जुळवावेत! मी घरातली पहिली शिकणारी आहे म्हणून असेल, पण या चित्रापाशी माझे वाचन बराच वेळ थांबले. ज्या मुलीला ग्रंथ स्वतः वाचता येतो तिला तो नाकारताही येतो. रमाबाई स्वतः तशाच होत्या.

२४ जुलै १९२१ रोजी उजवा हात झालेली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच रमाबाईंनी देह ठेवला. तोवर भाषांतर तपासून पुरे झाले होते. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या मागे, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाला. पुराणिकाची मुलगी अखेरपर्यंत ग्रंथच सांगत राहिली. फरक इतकाच, की बापाने घाटावर संस्कृतात सांगितले आणि मुलीने ते बाईच्या बोलीत आणून तिच्या हाती ठेवले.

आता आजीच्या प्रश्नाकडे येते. अनंतशास्त्र्यांच्या घराने देवाला काही देण्यासाठी उपास केले, आणि नंतर दुष्काळाने त्यांना उपाशी ठेवले. दोन्हींत पोट रिकामेच, पण उपासमार माणसावर लादलेली असते आणि उपास त्याने स्वतः धरलेला असतो. म्हणून उपास धरायला आधी भाकरीची खात्री लागते. मुक्तीतल्या मुलींना संध्याकाळी चूल पेटणार हे ठाऊक होते. त्यांच्या आयुष्यात नको म्हणण्याचा अधिकार बहुधा तेव्हा प्रथमच आला होता. त्यांनी ताट बाजूला सारले, कारण ते पुन्हा समोर येणार होते. मंडळी खचली असता शास्त्र, प्रार्थना आणि उपास यांच्याकडे वळावे असे धर्मग्रंथ सांगत असतील. मुक्तीच्या इतिहासात मला त्याच्याही आधी पेटलेली चूल दिसते, आणि ती पेटवणारी बाई दिसते, जिला एकेकाळी शेजारणीच्या दारात भाकरी मागताना शब्द सुचला नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत हे सारे मी आजीला सांगितले. तिने एवढेच विचारले, की त्या पोरींना रोज दोन वेळा जेवायला मिळत होते ना? मी हो म्हटले. मग त्यांनी केले ते बरोबर केले, असा तिने निकाल दिला आणि केडगावला एकदा ते मंदिर दाखव म्हणाली. पुढच्या बाजाराच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. ती बाहेरूनच हात जोडून उभी राहिली.

एकादशी मात्र आजी अजूनही धरत नाही.